फ्रीज आतून लख्ख, तरी वास जात नाही: मागच्या ट्रेपर्यंत हात कसा पोचवायचा?

अबोली | २ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेले नऊ दिवस आमच्या स्वयंपाकघरात एक वास ठाण मांडून बसलाय. मी आता अगदी रडकुंडीला आलेय.

आम्ही डोंबिवलीत राहतो. जुलैमध्ये पावसाचं पाणी इमारतीच्या मीटरखोलीत शिरलं आणि तीस तास वीज नव्हती. आम्ही तेव्हा सासरी अलिबागला. फ्रीजरमध्ये मेअखेरीस, मासेमारीबंदी लागायच्या आधी घेऊन ठेवलेली सुरमई होती आणि सोललेल्या कोळंबीचे दोन डबे. परत आलो तोवर वीज आली होती, पण सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं. पिशवीतून गळलेल्या पाण्याचा लालसर बर्फ फ्रीजरच्या तळाला चिकटलेला. सगळं टाकून दिलं. इतक्या हौसेनं साठवलेली मासळी, जीव हळहळला.

मग फ्रीज बंद करून खायच्या सोड्याच्या पाण्यानं आतून पुसला. रॅक, भाजीचा ड्रॉवर, दाराचं रबर, सगळं काढून उन्हात (म्हणजे जे काही ऊन मिळालं त्यात) वाळवलं. कोळसा ठेवला, लिंबाच्या फोडी ठेवल्या, कॉफी पावडरसुद्धा ठेवली. फ्रीजचं दार उघडून नाक आत घातलं तर आता काही येत नाही. पण दार बंद करून बाजूला उभं राहिलं की आंबूस, कुबट, मच्छी बाजारातल्या गटारासारखा वास येतो. सासूबाई आमच्याबरोबर आल्यात, त्यांचा श्रावण. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की त्यांना मळमळतं. बोलत नाहीत, पण पदर नाकाला लावून भाजी चिरताना बघितलं की मला कसंतरी होतं.

फ्रीज दोन दारांचा, फ्रॉस्ट फ्री. सुतारानं ओट्याशेजारी केलेल्या कपाटाच्या खाचेत बसवलाय. दोन्ही बाजूंना जेमतेम दोन बोटं जागा, मागे भिंत. काय करू?

मोरपंखी | २ ऑगस्ट, रात्री १०:०५

ताई, वास कायम सारखाच असतो का कमीजास्त होतो? आणि कुठे जास्त, वर का खाली? जमिनीलगत बसून एकदा बघा.

अबोली | २ ऑगस्ट, रात्री १०:३१

आत्ता बसून बघितलं. खालीच जास्त आहे, फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यातून येतोय. आणि हो, तुम्ही विचारलंत म्हणून लक्षात आलं, फ्रीजची घरघर सुरू झाली की थोड्या वेळानं वास भपकन वाढतो.

कॉम्प्रेसरवाला | २ ऑगस्ट, रात्री ११:१२

ताई, तुमचा वास फ्रीजमध्ये नाहीच, तो ट्रेमध्ये आहे. सव्वीस वर्षं फ्रीजदुरुस्ती करतोय, पावसाळ्यात दर आठवड्याला अशी एक तरी तक्रार येते. लोक आतून घासून घासून थकतात आणि घाण बसलेली असते मागे.

नीट समजून घ्या, म्हणजे काम करताना चुकायचं नाही. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड थंड होणारी कॉईल असते. हवेतलं बाष्प तिच्यावर बर्फ होऊन बसतं. काही तासांनी आतला हीटर आपोआप लागतो, तो बर्फ वितळवतो. ते पाणी कॉईलखालच्या पन्हाळीत पडतं, तिथून ड्रेन पाईपनं फ्रीजच्या पाठीतून खाली येतं आणि कॉम्प्रेसरवर, म्हणजे ती घरघर करणारी मोटर असते तिच्यावर, बसवलेल्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये जमा होतं. कॉम्प्रेसर गरम, त्यामुळे ते पाणी हळूहळू उडून जातं. म्हणून तुम्हाला कधी ट्रे रिकामा करावा लागत नाही, आणि म्हणूनच ट्रे आहे हेही बऱ्याच घरांत माहीत नसतं.

आता तुमच्याकडे काय झालं? वीज गेली, मासळी वितळली आणि ते पाणी फ्रीजरच्या मागच्या फटीतून पन्हाळीत, तिथून ट्रेमध्ये गेलं. पाणी उडतं, पण त्यातलं माशाचं रक्त, चरबी, खवलं उडत नाही, ते तळाला राहतं. कॉम्प्रेसर लागला की खालून ऊब मिळते. मंद आचेवर ठेवल्यासारखंच होतं ते. शिवाय या दिवसांत हवा इतकी दमट की ट्रे पूर्ण कोरडा होतच नाही.

पहिलं काम: प्लग काढा. नुसतं बटण बंद नाही, प्लगच काढा. तासभर थांबा, चालू फ्रीजचा कॉम्प्रेसर हाताला चटका बसेल इतका तापतो. मग फ्रीज पुढे ओढा आणि मागच्या खालच्या कव्हरचे स्क्रू काढून ट्रे कसा बसवलाय त्याचा फोटो टाका. ट्रे ओढू नका. काही मॉडेलमध्ये फ्रीज थंड करणाऱ्या गॅसची गरम नळी मुद्दाम ट्रेच्या पाण्यातून फिरवलेली असते, पाणी लवकर उडावं म्हणून. ट्रे जोरात उपसला तर नळी वाकते किंवा तडकते, आणि मग गॅस गेला, फ्रीज गेला. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर ६००ए गॅस असतो, म्हणजे आयसोब्युटेन. तो पेट घेणारा आहे. कॉम्प्रेसरवर ज्वाळेचं चिन्ह असलेलं पिवळं लेबल दिसेल. तिथे सुरी, टोचा, पेटती काडी, काही नको.

निळी_शाई | ३ ऑगस्ट, सकाळी ७:२०

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून एवढंच सांगते. समुद्री माशाचा जो खास वास असतो तो मुख्यतः ट्रायमिथिलअमाईनचा. मासा ताजा असताना त्याच्या अंगात याचंच बिनवासाचं रूप असतं, जिवाणू त्याचं अमाईन करतात. हे अमाईन अल्कधर्मी आहे. आम्ल मिळालं की त्याचा क्षार होतो, आणि क्षार हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोचत नाही. आपण सुरमईला लिंबू, चिंच, आगळ लावतो त्यामागे हेच आहे.

म्हणून या वासावर खायचा सोडा हे चुकीचं औषध. सोडाही अल्कधर्मीच. ट्रेसाठी पांढरं व्हिनेगर किंवा लिंबूसत्व कोमट पाण्यात घालून वापरा. त्याआधी भांड्याच्या साबणाचं पाणी, कारण चरबी आम्लानं निघत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करू नका, फेस छान दिसतो पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हाती खारट पाणी उरतं.

आणि कृपा करून ब्लीच आणि व्हिनेगर एकाच दिवशी त्या ट्रेजवळ नेऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद खाचेत, खाली वाकून, नाक जवळ ठेवून काम करायचंय तुम्हाला.

वऱ्हाडी_पाहुणा | ३ ऑगस्ट, सकाळी ९:०२

आमच्याकडे अकोल्यात असंच झालं होतं, मासळी नाही, दूध. पातेलं कलंडलं आणि आतल्या छिद्रातून सगळं मागे गेलं. महिनाभर वाटत होतं भिंतीत उंदीर मेला. आमचा फ्रीज एका दाराचा होता, त्याचा ट्रे मागून सरळ ओढून निघाला. ट्रेच्या तळाशी पनीर झालं होतं, दुसरा शब्दच नाही. साबणानं धुतला आणि दिवसभर उन्हात ठेवला, काम झालं. पण तुमचा निघणारा नसेल तर मग कठीण आहे.

अबोली | ३ ऑगस्ट, दुपारी ४:४८

फ्रीज ओढला! शेजारच्या दादांना बोलावलं. पुढचे दोन पाय फिरवून वर घेतले, मग तो मागच्या चाकांवर सरकला. फरशीवर ओरखडे नकोत म्हणून खाली जुनी चादर. पण पूर्ण बाहेर येत नाही, कारण समोर ओटा वळतो. दीड फूट पुढे आलाय. मागे माझा एक हात खांद्यापर्यंत जातो, डोकं जात नाही. शेवटी मोबाईलचा टॉर्च लावून, हात लांब करून व्हिडिओ काढला.

ट्रे कॉम्प्रेसरवर घट्ट बसलाय, दोन खुंट्यांत अडकवलेला, आणि कॉम्प्रेसरवाले दादा म्हणाले तशी एक तांब्याची नळी खरंच ट्रेमध्ये वळसा घालून परत बाहेर गेलीय. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, वर तेलकट साय. आणि त्या सायीवर माशाचं एक खवलं तरंगत होतं, टॉर्चच्या उजेडात चकचकत. नऊ दिवस घरभर शोधत होते ते हे.

कॉम्प्रेसरवाला | ३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५

व्हिडिओ बघितला. ट्रे काढायचा नाही, जागेवरच धुवायचा. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा, सुई नको. तिच्या तोंडाला दोन-अडीच फूट पारदर्शक नळी लावा. सलाईनची चालते, फिश टँकची हवेची नळी जास्त चांगली, ती जरा कडक असते म्हणून जिथे न्याल तिथे राहते. नळीला अर्ध्या फुटावर एक लाकडी काडी टेपनं बांधा, मग टोक ट्रेच्या कोपऱ्यात नेमकं टेकवता येतं.

आधी सगळं ओढून बाहेर. मग कोमट साबणपाणी आत सोडा, पण जेवढं काढलं त्याच्या निम्मंच. ट्रे काठोकाठ भरला तर पाणी बाजूला रिलेवर उतरेल. रिले म्हणजे कॉम्प्रेसरच्या कुशीला असलेली काळी डबी, सगळ्या वायरी तिथे जातात. तिच्यावर आधीच प्लॅस्टिकची पिशवी पांघरा. अर्धा तास भिजू द्या, मग लांब दांड्याच्या बाटली धुवायच्या ब्रशनं हलकं घासा आणि पुन्हा ओढा. असं दोनदा. मग निळी_शाई मॅडम म्हणतात ते व्हिनेगर, मग साधं पाणी. शेवटी जुन्या बनियनची चिंधी काडीला गुंडाळून कोरडं पुसा.

चांदणवेल | ३ ऑगस्ट, रात्री ८:३७

या धाग्यावर मला एक मनापासून सांगायचंय. मी नाशिकला डेंग्यू सर्वेक्षणात घरोघरी जाते. कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर, हे लोक आता दाखवतात. फ्रीजमागचा ट्रे बघू का म्हटलं की बाई चकित होते, "तिथे कुठलं पाणी?" मग बॅटरी मारून दाखवलं की वळवळणाऱ्या अळ्या. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असंच साठलेलं, शांत, सावलीतलं पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणूनच आम्ही आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून जीव तोडून सांगतो.

आणखी एक. अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणजे नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासायलाच हव्यात. अबोलीताई, तुमच्या ट्रेमध्ये तेलकट साय आहे म्हणून कदाचित अळ्या नसतील, पण धुतल्यावर त्यात स्वच्छ पाणी साठणार आहे. त्यानंतर लक्ष ठेवा.

जर्सीतला_कोकणी | ४ ऑगस्ट, पहाटे ५:५०

इथे न्यू जर्सीत आमच्या भाड्याच्या घरात जुना फ्रीज होता, त्याचा ट्रे पुढून निघायचा. दाराखालची जाळी काढली की आत सपाट ट्रे, ड्रॉवरसारखा ओढायचा. नवीन घेतला त्याचा मात्र मागेच आहे आणि स्क्रूनं आवळलेला. ज्यांचे फ्रीज जुने आहेत त्यांनी आधी पुढची जाळी काढून बघावी, कदाचित फ्रीज हलवावाही लागणार नाही.

अबोली | ४ ऑगस्ट, रात्री ९:५५

केलं. तीन तास लागले.

बारा सिरिंज भरून पाणी निघालं, म्हणजे सहाशे मिली. पहिली सिरिंज ओढली तेव्हा जो वास सुटला तो सांगवत नाही. तोंडाला ओढणी बांधली होती, खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, तरी दोनदा उठून गॅलरीत गेले. साबणपाणी दोनदा, व्हिनेगर एकदा, साधं पाणी तीनदा. चौथ्या खेपेला नळीतून येणारं पाणी नितळ झालं. नळी पारदर्शक असल्याचा हा मोठा फायदा, डोळ्यांना दिसतं काय चाललंय ते. चांदणवेलताई, कडा ब्रशनं घासल्या, तांब्याच्या नळीला धक्का लागू दिला नाही.

सासूबाई आत येऊन म्हणाल्या, "आता कसं घर घरासारखं वाटतंय." तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू!

अबोली | ८ ऑगस्ट, सकाळी ८:१०

वास परत आलाय. 😔 आधीइतका नाही, पण आहे. ट्रेमध्ये मोबाईल घालून बघितलं, पाणी थोडं आहे आणि स्वच्छ दिसतंय. मग कुठून?

सागरगोटा | ८ ऑगस्ट, सकाळी ८:४४

ताई, आता पुन्हा पुन्हा तेच करण्यापेक्षा कंपनीच्या माणसाला बोलवा. माझा अनुभव, आपण जितकं उचकतो तितकं बिघडतं.

अबोली | ८ ऑगस्ट, सकाळी ९:०१

बोलावलं होतं हो आधीच, मूळ पोस्टमध्ये लिहायचं राहिलं. त्यांनी ट्रेकडे बघितलंही नाही. गॅस चेक केला, "आतून स्वच्छ ठेवा" म्हणाले आणि भेटीचे पैसे घेऊन गेले. म्हणून तर इथे विचारलं.

कॉम्प्रेसरवाला | ८ ऑगस्ट, दुपारी १:३०

ताई, चूक माझी, मी एक गोष्ट सांगायची विसरलो. ड्रेन पाईपचं खालचं टोक बघा, ट्रेच्या बरोबर वर लोंबत असेल. त्या टोकाला बहुतेक फ्रीजमध्ये रबरी चोच असते, बदकाच्या चोचीसारखी चपटी. वरून पाणी आलं की उघडते, एरवी मिटलेली, म्हणजे बाहेरची गरम हवा पाईपमधून आत जाऊ नये. वरून येणारा गाळ या चोचीत अडकतो. तुमच्या माशाचा उरलेला ऐवज तिथे बसलाय. डिफ्रॉस्टचं पाणी आलं की थोडा थोडा धुऊन ट्रेमध्ये उतरतोय. चार दिवसांनी वास परतला तो याच कारणानं.

चोच नुसती पाईपवर चढवलेली असते. प्लग काढून, हलकेच पिळत खाली ओढा, निघते. हातात धरून दाबली की तोंड उघडतं, आतून जुन्या टूथब्रशनं घासा. मग सिरिंजनं पाईपमध्ये खालून वर कोमट पाणी मारा, दोन-तीनदा, ते परत ट्रेमध्येच पडेल. फार जोर नको. ट्रे पुन्हा एकदा रिकामा करा आणि चोच आठवणीनं परत बसवा. ती न बसवता फ्रीज चालू केला तर दमट हवा पाईपनं वर जाते, तोंडाशी बर्फ धरतो आणि पुढच्या महिन्यात भाजीच्या ड्रॉवरखाली पाणी साठल्याची तक्रार घेऊन तुम्ही परत इथे याल.

वरच्या पन्हाळीपर्यंत जायची वेळ आली तर मात्र स्वतः करू नका. त्यासाठी फ्रीजरच्या आतलं मागचं पॅनेल उघडावं लागतं, तिथे पंखा, हीटर, वायरी, सगळंच असतं. ते सवयीच्या माणसाकडूनच, आणि माणूस बोलावलात तर आधीच सांगा की पन्हाळी आणि पाईप धुवायचाय. नेमकं काम सांगितलं की टाळाटाळ होत नाही.

निळी_शाई | ८ ऑगस्ट, दुपारी २:१५

चोच व्हिनेगरच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवली तर पुरे, रात्रभर भिजवू नका. ब्लीच तर रबराला नकोच, कडक होऊन चिरतं.

अबोली | ९ ऑगस्ट, दुपारी ३:२०

सापडलं! चोच निघाली. करंगळीएवढी, काळी. दाबून उघडली तर आत करड्या रंगाचा बुळबुळीत गोळा, आणि त्यात कोळंबीच्या पायाचं एवढंसं तूस. गोळा वाटाण्याएवढाही नव्हता, आणि त्यानं दोन आठवडे आमचं घर वेठीला धरलं होतं. टूथब्रशनं घासली, व्हिनेगरमध्ये ठेवली, पाईपमध्ये खालून पाणी मारलं. पहिल्यांदा गढूळ उतरलं, तिसऱ्यांदा साफ. ट्रे पुन्हा धुतला, चोच बसवली, तीनदा ओढून खात्री केली. सगळं कोरडं झाल्यावर संध्याकाळी प्लग लावीन आणि कळवीन.

वऱ्हाडी_पाहुणा | ९ ऑगस्ट, दुपारी ३:४१

ताई, मानलं तुम्हाला. कव्हर बसवताना त्याच्या जाळीवरची धूळही झटका, तेवढीच हवा खेळती राहते.

अबोली | १७ ऑगस्ट, रात्री ८:२६

आठ दिवस झाले, वास नाही. कालच्या दमट, कोंदट दिवशीसुद्धा नाही. मुद्दाम कॉम्प्रेसर सुरू असताना जमिनीवर बसून बघितलं. सासूबाईंनी आज पुरण इथेच घातलं.

सुताराला बोलावून खाचेची एक बाजू चार इंच रुंद करून घेतेय. फ्रीज सरळ बाहेर यायला हवा हे कपाट करतानाच सुचायला हवं होतं. ज्यांचं स्वयंपाकघराचं काम चालू आहे त्यांनी फ्रीजमागे आणि बाजूला हात जाईल एवढी जागा ठेवाच. सिरिंज आणि नळी मी "फ्रीज" असं लिहिलेल्या डब्यात ठेवलीय, दर शनिवारी मोबाईलनं ट्रे बघते. पाणी दिसलं तर ओढून काढते, दोन मिनिटांचं काम आहे.

मोरपंखी | १७ ऑगस्ट, रात्री ९:१०

वाचून इतकं बरं वाटलं! मीही आज आमचा फ्रीज ओढला, ट्रेमध्ये अळ्या होत्या. घरात दीड वर्षाचं बाळ आहे. अंगावर काटा आला. चांदणवेलताई, आधी अळ्या मारायच्या का तसंच पाणी बेसिनमध्ये ओतू?

चांदणवेल | १७ ऑगस्ट, रात्री ९:३२

बेसिनमध्ये किंवा गटारात नको, तिथे पाणी मिळालं तर त्या जगतात. अंगणात किंवा गच्चीवर कोरड्या मातीवर, उन्हाच्या जागी ओता, पाणी जिरलं की मरतात. मग ट्रेच्या कडा ब्रशनं घासा. आणि बाळाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा, हा डास दिवसा चावतो.

मोरपंखी | १७ ऑगस्ट, रात्री ९:३५

उद्या सकाळीच करते. अबोलीताई, फिश टँकची नळी सिरिंजच्या तोंडाला घट्ट बसते का?

अबोली | १७ ऑगस्ट, रात्री ९:४८

५० मिलीच्या सिरिंजच्या दोन जाती मिळतात. ज्याचं तोंड लांबट आणि निमुळतं असतं, नळीतून दूध भरवायला वापरतात ती, तीच मागा. नळीचं टोक मिनिटभर गरम पाण्यात बुडवून मग चढवा, घट्ट बसतं.